आकारामच्या कटरचं बटण

कुशिरं गाव मागं पडलं, जोतिबाच्या डोंगरावरचा गायमुखाचा चढ लागला, तेव्हा कुठं संयोगिताला कळलं की आपला धाकटा भाऊ काही भक्तीनं निघालेला नाही.

तोवर सगळी वाट ती खुशीत होती. माघातल्या रविवारी कोल्हापुरातनं अनवाणी चालत जोतिबाला जायचं, त्याला खेटे घालणं म्हणतात. संयोगिता लग्नाआधीपासून खेटे घालते. आकारामला तिनं किती वर्षं बोलावलं, पण कधी त्याची कंबर दुखायची, कधी गिऱ्हाईक यायचं. यंदा मात्र आपण होऊन म्हणाला, "आक्का, मी बी येतो." पंचगंगेवर पाय धुऊन निघाल्यापासून ती मनात म्हणत होती, पन्नाशीला का होईना, शहाणा झाला.

"वर्षाराणीला का न्हाय आणलंस?" तिनं चालता चालता भावजयीचं सहज विचारलं.

"कागलला हाय. म्हायेरी."

"आता मधीच कशाला गेली?"

"गेली." आकाराम पायातला खडा काढायला वाकला. खडा नव्हताच.

"आक्या, खरं सांग."

आकाराम सुतार म्हणजे गडमुडशिंगीतलं नावाजलेलं प्रकरण. त्याच्या हातच्या देव्हाऱ्याला नाव ठेवायला जागा नाही. पण स्वतःच्या घरातली एक वस्तू सरळ चालेल तर शपथ. त्याची गाडी स्क्रू-ड्रायव्हर घालून चालू होते. पंखा काठीनं ढकलला की फिरतो. मोबाईलला रबर लावलंय, ते काढलं तर मोबाईलचे दोन मोबाईल होतात. आणि ह्या सगळ्याचा त्याला अभिमान! नवीन घेणारे सगळे येडे, आणि आपण एकटे डोकेबाज. त्यात बायकोनं एखादी गोष्ट बदला म्हटलं, की ती बदलायची नाही हे ठरलंच.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या कटरचं, म्हणजे लाकूड कापायच्या गोल करवतीचं, बटण जळालं. मूळचं बटण चांगलं होतं. लाईट गेली की ते सुटायचं, आणि लाईट परत आली तरी कुणीतरी उठून हिरवं बटण दाबल्याशिवाय पातं फिरायचं नाही. आकारामला तीच त्याची खोड वाटायची. त्यानं काय करावं? विहिरीवरच्या मोटरीचा जुना ऑटो स्टार्टर उचलून आणला. शेतीला लाईट अवेळी येते, म्हणून मालक घरात झोपलेला असला तरी तो डबा पंप सुरू करतो. पंपाला ते शोभतं. ह्या महाशयांनी तो करवतीला बसवला, वर लिंबू-मिरची बांधली, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटले, "आपल्यात उठायचं कामच न्हाय, पावणं. लाईट आली की आपोआप!"

"मग झालं काय?" संयोगितानं विचारलं.

"काय न्हाय गं. लाईट गेलती. ती खाली बसून कुंच्यानं पात्याबुडचा भुसा काढत हुती."

संयोगिता वाटेतच उभी राहिली. मागनं येणारी माणसं वळसा घालून पुढं गेली.

"आन लाईट आली," आकाराम म्हणाला.

"हात?"

"हात हाईत की! कुंच्याचा भुगा झाला. बांगड्या फुटल्या. जोतिबानं वाचवलं बघ. तवाच बोललो, पाचबी रविवारचे खेटे घालतो."

"ऑटो काढलास?"

आकाराम डोंगराकडं बघायला लागला.

"आक्या, ऑटो काढलास का?"

"चालतोय की त्यो चांगला."

"जोतिबानं त्याचं काम केलं," संयोगिता म्हणाली. "आता तुझं कामबी त्यानंच करायचं व्हय? डोंगर उतरून मुडशिंगीला यायचं आन बटण बदलून जायचं?"

"तूबी तिच्यासारखीच बोलाय लागलीस. जाताना म्हणाली, खेटे घाला न्हाईतर लोटांगण घाला, त्यो डबा निघाल्याबिगर मी दारात पाय ठेवणार न्हाय. आन नवं बटण तर तिनंच दसऱ्याच्या आधी आणून ठेवलंय."

"नवं हाय घरात? कुठं?"

"कारखान्यात, फळीवर. खोक्यात. पूजा केल्या की मी त्याची!"

संयोगिताला हसू आवरेना. काय हा भक्त! खंडेनवमीला बटणाला हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि बसवायच्या ऐवजी देवासारखं फळीवर चढवलं. बायको मात्र पात्याखाली.

वर देवळात आकारामनं गुलाल-खोबरं उधळलं आणि सगळ्यांना मागं सारून मोठ्यानं चांगभलं केलं. संयोगिता बाजूला हात जोडून उभी राहिली. भावाला अक्कल दे असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण देवाला उगीच अवघड काम सांगू नये. वर्षाराणीचे दोन्ही हात धड ठेवलेस, एवढं पुष्कळ झालं, असं म्हणून तिनं कपाळाला गुलाल लावला.

डोंगर उतरल्यावर ती आपल्या घराकडं वळली नाही. तशीच त्याच्याबरोबर मुडशिंगीला गेली. त्याच्या कारखान्यात शिरल्या शिरल्या मेन स्विच खाली ओढला, फ्यूज काढले आणि पदरात बांधले.

"आक्का, इस्वास न्हाय व्हय?"

"लाईटीवर हाय. तुझ्यावर न्हाय. काढ त्यो डबा."

डबा निघाला, लिंबू-मिरचीसकट. फळीवरच्या खोक्यावरचं वाळकं फूल झटकलं आणि नवं बटण निघालं. आकाराम वायरी जोडत होता आणि तोंडानं पुटपुटत होता, असा ऑटो कुणाकडं न्हाय, पंपावर किती वर्षं चालला, आता गंजून जाणार. स्क्रू पिळून झाले, झाकण बसलं, तेव्हा संयोगितानं पदराची गाठ सोडली, फ्यूज बसवले आणि मेन चढवला.

आकारामनं हिरवं बटण दाबलं. पातं फिरलं. संयोगितानं मेन पाडला, पातं हळूहळू थांबलं. मग तिनं मेन परत वर चढवला. कटर गप्प राहिला.

"बघ," आकाराम तोंड पाडून म्हणाला, "आता दरवेळी उठाय लागणार."

"उठ की. झिजणार न्हाईस."

तो फळ्यांच्या ढिगावर बसला. मोबाईलचं रबर सारखं केलं. कटरखाली फुटक्या बांगडीचा एक हिरवा तुकडा भुशात तसाच पडला होता. त्यानं तो उचलला, बघितला आणि कुठं ठेवावा ते न कळून शर्टाच्या खिशात टाकला.

"माझा फोन उचलत न्हाय ती," तो म्हणाला.

"मी लावते. बदललं म्हणून सांगते."

"सांगू नगंस. माझं तर सोडच, तुझंबी खरं वाटायचं न्हाय तिला. म्हणंल, बहीण भावाचीच बाजू घेणार." आकाराम उठला, मेनच्या खटक्याजवळ जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "आक्का, तू एवढं कर. नुस्ता फोन लाव आन कटरजवळ धर. मी चालू करतो, मेन पाडतो, परत चढवतो. मग काय वाजत न्हाय, तेवढं तिला ऐकू दे."