तीन दिवसांचं पीठ

चक्कीत आल्याबरोबर काकू डबा खाली ठेवत नसत. डबा कमरेवर तसाच आणि पहिला प्रश्न, "भाऊ, आधी काय दळलं?"

सकाळी शटर मी त्यांच्या डोळ्यांदेखत वर केलेलं असायचं. रात्री चक्कीवर टाकलेलं फडकंही अजून काढलेलं नसायचं. तरी प्रश्न ठरलेला. मी म्हणायचो, काकू, आता तर कुलूप उघडलं, रातच्याले भुतांनी दळलं असंल तर मले ठाऊक नाही. त्या हसत नसत. पीठ पडतं तिथे बोट फिरवायच्या, बोट नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, काल शेवटी बेसन होतं. मग मी मुकाट्याने ब्रश घ्यायचो. अख्खी चक्की आतून-बाहेरून झाडून झाली की त्या आपल्या ज्वारीतली पहिली ओंजळ टाकायला सांगायच्या. त्या ओंजळीचं पीठ गाईला. त्यानंतरचं त्यांचं.

कारंजा गावात आमची चक्की जैन मंदिराच्या मागच्या बोळात आहे. वडिलांपासूनची. आम्ही जैन नाही, पण गिऱ्हाइकांमुळे त्यांचे नियम मला तोंडपाठ झाले. त्यात पिठाचा एक नियम आहे. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढे ते पीठ माणसाने खायचं नाही. आता हे पाळणारी घरं बोळात दोन-चारच राहिलीत. बाकीचे सगळ्यांसारखं पोतंभर गहू आणून टाकतात आणि महिनाभर खातात. काकू मात्र पाळत. म्हणून त्यांचा डबा छोटा आणि फेऱ्या फार.

चक्कीवाल्याला विचारा, असं गिऱ्हाईक म्हणजे काय ताप असतो. दोन किलोसाठी अर्धा तास झाडझूड. मी कुरकुर करायचो, त्या ऐकून घ्यायच्या. कधी पीठ जाडसर निघालं तर मात्र चिमूट बोटांत चोळून एवढंच म्हणायच्या, "आज तुमचं मन नव्हतं, भाऊ." भांडल्या असत्या तर मी भांडलो असतो. मी परत दळून द्यायचो.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा आयर्लंडला. लहानपणी डबा घेऊन तोच यायचा, पिठात हात घालून पांढरा होऊन जायचा. बोळात कोणी विचारलं की काकू म्हणायच्या, लंडनच्या बाजूले हाय. तो दरवर्षी बोलवायचा, या जायच्या नाहीत. मग एकदा न्हाणीघरात घसरून पडल्या. पायाला फार लागलं नाही, पण दुपारपर्यंत तिथेच पडून होत्या, हाक ऐकायला घरात कोणी नव्हतं. हे कळल्यावर तो विमानाने आला आणि तिकीट काढूनच बसला.

दिवाळीनंतर काकू चक्कीवर आल्या, सोबत तो. मला म्हणाल्या, जाते, पण एक वर्ष पाहीन. माझ्या खाण्यापिण्याचं तिथं माझ्या रीतीनं जमलं तर राहीन, मग घर विकून टाकू. नाही जमलं तर परत तुमच्या डोक्यावर आहेच. सांगत होत्या मला, पण ऐकवत होत्या त्याला. तो चक्कीच्या मोटारीजवळ उभा राहून मान हलवत होता. घर विकायला दिल्यावर परत येणं नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

निघायच्या दिवशी पहाटे त्यांचं दळण करून दिलं. ते पीठ विमानातून गेलं. पोचल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भरदुपारी मला फोन. व्हिडिओ. आधी मला नुसतं छत दिसलं, मग कपाळ दिसलं.

"भाऊ, इथं पाऊस हाय."

मी म्हणालो, बरं मग?

त्यांची अडचण अशी की पंचांगाने हिवाळा. म्हणजे पीठ सात दिवस चालायला पाहिजे. पण बाहेर आल्यापासून रिपरिप. सुनेने सांगितलं होतं की इथे बाराही महिने असंच. मग मर्यादा हिवाळ्याची धरायची की पावसाळ्याची? मी म्हणालो, काकू, पाऊस म्हणजे आपला पावसाळा, तिकडचा पाऊस कशाला मोजता, सात धरा. मला वाटलं, बाईला चार दिवस जास्त भाकर मिळेल. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, पिठाले पंचांग कुठं समजते, त्याले हवा समजते. हवा दमट हाय. तीनच. म्हणजे त्यांच्या हिशोबाने पिठाची मुदत संपलीच होती. उरलेलं त्यांनी बागेतल्या पाखरांना टाकलं.

त्यानंतर त्यांची भाकर बंद झाली. भात, मुगाची डाळ, दूध, फळं, एवढ्यावर आल्या. मुलगा तिथल्या भारतीय दुकानातून पीठ घेऊन आला. चांगलं होतं म्हणे, आपल्याच ज्वारीचं. काकूंनी पाकीट फिरवून त्यावरची तारीख वाचून घेतली. वर्षभर चालेल असं लिहिलेलं. त्या म्हणाल्या, "हे पीठ हाय का सिमेंट?" पाकीट तसंच राहिलं. अख्खी ज्वारी तिथे मिळेना, म्हणून मिक्सरमध्ये तांदूळ दळून पाहिले तर पीठ गरम होऊन गेलं आणि भाकर थापताना तुकडे.

एक दिवस मुलाचाच फोन आला. म्हणाला, भाऊ, आई वाळून राह्यली. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक हाय, पण कपडे सैल झाले. तुमचं ती ऐकते. तुमी तिले सांगा ना, की थंड देशात पीठ खराब होत नाही, पाकिटातलं चालते.

मी सांगितलं. जमेल तेवढ्या गोड आवाजात सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, हे तुमी सांगून राह्यले, का तो सांगायले लावून राह्यला?"

मी तिकडच्या पावसाचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्याले सांगजा, मी उपाशी नाही. पण मन भरत नाही, त्याले मी तरी काय करू.

आता खरं ते सांगतो. मला मुलाची दया येत होती, काकूंची काळजी वाटत होती आणि या दोन्हींच्या खाली मला बरंही वाटत होतं. सकाळी शटर वर केल्यावर बोळ रिकामा दिसायचा. चक्की झाडायचं कोणी सांगत नव्हतं तरी मी झाडत होतो. वाटायचं, नाही जमणार तिथं. उन्हाळ्यापर्यंत येतात परत.

त्यातून तिकडचा हिवाळा. दिवस म्हणे चारच्या सुमारास बुडतो. काकू सूर्य असेपर्यंतच जेवणाऱ्या, त्यानंतर पाणीही नाही. मुलगा आणि सून कामावरून यायचे सहा-सातला. म्हणजे काकूंनी दुपारी तीनला, खिडकीतून उजेडाकडे बघत, एकटीने जेवून घ्यायचं. मग रात्री ते दोघं जेवताना यांनी नुसतं टेबलाशी बसायचं. सून आग्रह करायची नाही, पण वाढताना तिचा हात अडखळायचा. काकू मला म्हणाल्या, कारंज्यात एकटी जेवत होती तं कोणाले त्रास नव्हता. इथं पोराच्या घरी एकटी जेवतो.

मी म्हणालो, मग या ना परत. त्यावर त्यांनी गाईची चौकशी केली.

हिवाळा सरता सरता फोन आला तो एका दुकानातून. सुदानच्या एका बाईचं किराणा दुकान त्यांना सापडलं होतं. तिथे गोणीत अख्खी ज्वारी. काकूंनी मूठभर दाणे कॅमेऱ्यासमोर धरले. लालसर होते. "पाहा बरं भाऊ, हे आपलंच हाय ना?"

मी चष्मा लावला, फोन उजेडात नेला, दाणा दाताखाली फोडून पाहायला सांगितला. कडक फुटला. मी छातीठोकपणे म्हणालो, ज्वारीच हाय, रंगावर जाऊ नका, बिनधास्त घ्या. मुलगा नुकतीच एक मिक्सरएवढी दगडाची घरगुती चक्की घेऊन आला होता. तिच्यात त्यांनी ते दळलं आणि भाकर केली.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी नमस्कारही केला नाही. "तुमची ज्वारी कडू निघाली."

जसं काही मीच ती पेरली होती. आयुष्यभर ज्वारी दळणारा माणूस मी, पण लाल ज्वारी कडू असते हे मला कुठे ठाऊक? आपल्याकडे तसली खायला कोण आणतं? बोळातल्या लोकांना सांगितलं तर आठवडाभर मला 'आयर्लंडचे तज्ज्ञ' म्हणून चिडवत होते.

त्या कडू भाकरीनेच काम केलं. काकू पिठाचा नमुना घेऊन त्या सुदानच्या बाईकडे तक्रार करायला गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईने पीठ जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि हसली. तिच्या देशातही ज्वारीच खातात, पातळ घावनासारखं काहीतरी करतात. तिने काकूंना करून दाखवलं. काकू बाहेरचं खात नाहीत, त्यांनी नुसतं पाहिलं. मला म्हणाल्या, भाऊ, तिचा हात तव्यावर असा फिरत होता, मले माझी माय आठवली. पुढच्या खेपेला त्या बाईने पांढरी ज्वारी मागवली. टपोरी, मोत्यासारखी. काकूंनी ती मला दाखवली तेव्हा मी यावेळी मत दिलं नाही.

मग बरेच दिवस फोन नाही. आपल्याकडे उन्हाळा तापला, पापड-कुरडयांची दळणं सुरू झाली, मलाही फुरसत नव्हती.

एका संध्याकाळी गर्दीत फोन वाजला. चार-पाच बाया डबे घेऊन उभ्या. मी चक्की बंद केली. तिकडे दुपार होती. काकूंचा चेहरा भरलेला दिसत होता. त्यांनी छोटी चक्की सुरू करून फोन तिच्याजवळ धरला. बारीक, एकसारखा आवाज. मग चिमूट पीठ बोटांत चोळून कॅमेऱ्यासमोर आणलं.

म्हणाल्या, आता इथं सूर्य रात्री दहापर्यंत राहतो. काल आमी तिघं आठ वाजता सोबत जेवलो, उजेडात. सुनेनं भाकर मागून घेतली. पोराच्या ताटाशेजारी माझं ताट होतं. किती वर्षांनी.

मग पिठाची चिमूट पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरली.

"पीठ कसं वाटते, भाऊ? खरं सांगजा. तुमी चांगलं म्हटलं तं मी त्याले घर विकायचं सांगतो."

फोनवर पीठ कळत नाही असं म्हणता आलं असतं. जाड वाटते, असंही म्हणता आलं असतं, आणि त्यांनी ते मानलं असतं. पण ते पीठ बोटांच्या रेषांत बसलं होतं. माझ्या चक्कीचं इतकं मऊ मी कधी पाहिलं नव्हतं.

"मस्त हाय, काकू," मी म्हणालो. "सांगून द्या त्याले."

त्यांनी छोटी चक्की बंद केली.

"तुमी नाही म्हणसान असं वाटलं होतं मले."

"मलेबी," मी म्हणालो.

मग दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना. मागे बाया डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यातलीही कोणी घाई करा म्हणाली नाही.