भाऊंच्या नंबरवरचा ओटीपी

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात दरवर्षी कुणीतरी साहेब येऊन इंटरनेटवर भाषण द्यायचे. त्यांच्या मते शहरातली मुलं फार पुढे होती आणि आम्ही पिंपळनेरकडची खेड्यातली पोरं फार मागे. पहिल्या रांगेतले प्राध्यापक यावर मान डोलवत. शेवटी साहेब सगळ्यांकडून वदवून घेत, "ओटीपी कोणालाही सांगणार नाही!" आम्ही प्रतिज्ञेसारखं ओरडायचो, वडापाव खायचो आणि पांगायचो. असल्या शिकवणीची मला आजही चीड येते.

आमच्या गावात इंटरनेट म्हणजे सायबरवाले भाऊ. पोराचा दाखला असो की म्हातारीचं आधार, बसस्टँडसमोरच्या त्यांच्या टेबलाशी आल्याशिवाय गावाचं पान हलत नसे. डॉक्टरला मिळत नाही एवढा मान त्यांना. एमएस्सीचा अर्जही मी सुट्टीत त्यांच्याकडेच भरला. खातं त्यांनी उघडलं, पासवर्ड त्यांनी ठरवला आणि मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला. "तुमले काही समजत नही, मेसेज चुकी जाई," म्हणाले. आम्हा सगळ्याच पोरांचं ते असंच करत. माझ्या हातात तेव्हा चांगला फोन होता, दिवसभर त्यावर बोट फिरत होतं. पण खातं आपलं तर नंबरही आपला हवा, हे त्या हुशार साहेबांपैकी एकानेही कधी सांगितलं नव्हतं.

जळगावला माझा नंबर लागला. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नंबर लागला तर शिक, नाहीतर आलेल्या स्थळाला होकार कळवतो. जागा पक्की करायची ती ऑनलाइनच, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. मी धुळ्याच्या होस्टेलवर बसून पासवर्ड टाकते आहे आणि तो चुकतो आहे. शेजारी माझी मैत्रीण, खास जळगाव शहरातली, खो खो हसत होती. "स्वतःचा पासवर्ड माहीत नाही? काय गं तुम्ही खेड्यातल्या!"

"तुझा सांग बरं," मी म्हटलं.

"माझं सगळं मामाच्या मोबाइलच्या दुकानात असतं," ती म्हणाली, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं तिला मुळीच वाटलं नाही. हीच ती पुढे गेलेली शहरी मुलं!

जळगावच्या ऑफिसात फोन केला. "ऑनलाइन करा," एवढं बोलून त्यांनी ठेवला. मग नवीन पासवर्डसाठी बटण दाबलं. ओटीपी अर्थातच भाऊंच्या फोनवर गेला. मी त्यांना फोन लावला. मागे कुठल्यातरी लग्नातला डीजे वाजत होता.

"भाऊ, तुमना फोनवर ओटीपी येयेल शे, तेवढा सांगा ना."

"कोण बोली ऱ्हायनी?"

मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गल्ली सांगितली.

"बठ्ठा लोक असंच सांगतस," भाऊ म्हणाले. "ओटीपी कोणलेच सांगानं नही. मेसेजमाच लिखेल शे." आणि त्यांनी फोन कापला. परत लावला तर लागेना. मला ब्लॉक केलं होतं. मैत्रिणीच्या फोनवरून लावला तर एक शिवी ऐकू आली आणि तोही नंबर ब्लॉक झाला. वडिलांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला, ते शेतात. मी रडले, मोबाइल गादीवर आपटला, आणि पाच वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावी पोचले. आमच्या ओट्यावर माणसं जमली होती आणि मधोमध भाऊ बसून किस्सा सांगत होते. लग्नात असताना एका ठग बाईचा फोन आला. आवाज अगदी गावच्या पोरीसारखा काढला होता, बापाचं नाव, गल्ली, सगळं बरोबर सांगत होती, रडल्यासारखंही करत होती. पण भाऊ काही फसले नाहीत. लोक वाहवा करत होते. माझे वडील तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "याले म्हंतस हुशारी! आम्ही ऱ्हातूत तर लगेच सांगी देतूत."

"ती मीच होते," मी म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. भाऊ जरासे ओशाळले, पण जरासेच. खिशातून फोन काढून त्यांनी चष्मा नीट केला, कालचा मेसेज शोधला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "मंग ठीक शे. लिखी ले, सांगस."