झोपेतली धाप

मोठ्या जाऊबाईंना धाप लागायची ती नेमकी पाखडायच्या वेळी, हे मी लग्न होऊन आल्यावर पंधरा दिवसांतच हेरलं. सूप हातात घेतलं की त्यांच्या छातीतून शिट्टी सुरू. धान्याची कणगी झाडायची म्हटलं की खोकला. आणि विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी आणताना? काही नाही. खळखळून हसत यायच्या. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. ताडकळसच्या अलीकडचं आमचं गाव, ज्वारी-हरभऱ्याचं घर, आणि बायका आम्ही तिघीच: आम्ही दोघी जावा आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. जाऊबाईंनी खाली ठेवलेलं सूप माझ्याच हातात यायचं. मी फटकळ, त्यात नवी. मनातल्या मनात म्हणायची, ही बाई नाटक करते.

मनातल्या मनात कशाला, एकदा तोंडावरच म्हटलं, "तुमच्या छातीला बरं कळतंय, कोणतं काम निघालंय ते!" त्या सूप खाली ठेवून छाती धरून बसल्या. बोलायला श्वास होता कुठे! आत्याबाई मात्र हसल्या, आणि मला तेच हवं होतं.

मग माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. झोपलेल्या माणसाला नाटक करता येत नाही. तेव्हा हिच्या झोपेतच धुरळा करायचा. धाप लागली नाही की उठवून विचारायचं, आता कशी लागली नाही?

उन्हाळा तोंडावर आला होता. आत्याबाईंसकट घरचे सगळे रानात, हरभऱ्याच्या खळ्यावर गेले होते. दुपारी जाऊबाई माजघरात पटकूर टाकून झोपल्या. वारा मागच्या दारातून आत येत होता. मी त्याच दारात बसले. कणगीच्या तळाची वर्षाची जुनी ज्वारी पाखडली, रिकामी पोती झटकली. धुरळ्याचा लोट आत जाताना मी डोळ्यांनी पाहिला. मला हसू येत होतं.

आधी एक खोकला आला. मग बारीक शिट्टी. मी उठून आत डोकावले आणि जागीच थिजले. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या खरोखर झोपेत होत्या, आणि झोपेतच मान ताणून हवा ओढत होत्या. बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. माझ्या हातातलं सूप गळून पडलं. त्या आवाजाने त्या दचकून उठल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या. ओठ काळेनिळे. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण एक शब्द फुटेना. मी हिला मारलं, एवढंच मला कळत होतं.

मी अनवाणी शेजारी धावले. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी काही न विचारता गाडी जुंपली. त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता, म्हणून डॉक्टर भेटले. बाजाराच्या दिवशीच ते परभणीहून येऊन बसायचे. त्यांनी दंडात सुई दिली. थोड्याच वेळात शिट्टी ढिली पडली, ओठांवर रंग आला. आणि सांगायला लाज वाटते, तेव्हाही माझं मन म्हणालं, एका सुईत गेलं? मग आजार कसला?

मी विचारलंच, "डॉक्टरसाहेब, मनावर घेतलं तर ह्यांना ही धाप थांबवता येईल का वो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. औषधाची कापडी पिशवी उचलली आणि तिच्या तोंडाला ओवलेली नाडी ओढली. पिशवीचं तोंड आवळलं. "छातीतल्या श्वासनळ्यांना बाहेरून असे मांसाचे वेढे असतात. आतून नळी सुजलेली, कफ भरलेला. जरा धूळ लागली की हे वेढे आवळतात. सुईनं ते सैल पडले. हात उचलावा का नाही, ते तुमी ठरवता. हे वेढे कुणाला विचारत न्हाईत, बाई. झोपेतबी न्हाईत." मग म्हणाले, "आणि वर्षानुवर्षं आवळून आवळून ते जाड होतात. मग नळी आणखी बारीक."

ज्या गोष्टीवरून मी त्यांना खोटं पाडत होते, धूळ आली की धाप, तोच त्यांचा आजार होता. पुरावा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो उलटा वाचत होते. आता माझी नात डॉक्टरकी शिकते. ती सांगते, आजी, ते स्नायू नुसते आवळत नाहीत, सूज वाढवणारे रसही स्वतःच सोडतात. खाली ठेवलेलं सूप किती वेळा परत त्यांच्याच हातात दिलं असेल मी!

डॉक्टरांनी कागद लिहिता लिहिता विचारलं, "पण झोपलेल्या बाईच्या नाकाशी एवढी धूळ आली कुठनं?"

"वारं लय सुटलंय आज," काका म्हणाले. मी जाऊबाईंना उठवायला हात पुढे केला.

परतताना ऊन कललं होतं. काका पुढे बैल हाकत होते, आम्ही दोघी मागे. जाऊबाई गाडीच्या साट्याला टेकून बसल्या होत्या, थकलेल्या. सगळं कबूल करायला मी त्यांच्याकडे वळले. तेवढ्यात त्यांनी एका हाताने नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने माझ्या केसांतून काहीतरी काढलं. ज्वारीचं फोलपट होतं. त्यांनी ते बोटांत धरून पाहिलं आणि गाडीबाहेर टाकलं. मग दुसरं काढलं. मग तिसरं. मला रडू फुटलं.

"घरी गेल्या गेल्या डोकं धू," त्या पदराआडून म्हणाल्या. "आत्याबाई रानातून यायच्या आत."