गाईड अपडेट, सासूबाई डिलीट

आमच्या घरात टीव्ही पाहायला दोनच गोष्टी लागतात : वीज आणि माझी परवानगी.

वीज अधूनमधून दगा देते. परवानगीचं तसं नाही, तिचं वेळापत्रक आहे आणि ते मी जातीनं सांभाळते. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. टीव्हीखालच्या कपाटात (जिथे पूर्वी सासूबाईंचे पापडांचे डबे असत; तो विषय आमच्याकडे काढत नाहीत) मी स्वतःच्या हातांनी एक कॉम्प्युटर जोडून बसवला आहे. केबलचा डबा या कॉम्प्युटरला जोडलेला, कॉम्प्युटर टीव्हीला. चॅनल तोच बदलतो, कार्यक्रम तोच रेकॉर्ड करतो, जाहिरातीही तोच कापतो. आपण फक्त सोफ्यावर बसायचं. एवढं सुख घरात आणून ठेवलं, तर कौतुकाचा एक शब्द? नाव नको!

आता या कॉम्प्युटरला एक गोष्ट सांगावी लागते : कुठल्या चॅनलवर किती वाजता काय लागणार. याला म्हणतात गाईड. ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं आणि सतत अपडेट करत राहायचं. कारण चॅनलवाले कार्यक्रम मनाला येईल तसे हलवतात, आणि आमचा केबलवाला चॅनलचे नंबर असे बदलतो की त्याला त्याचा बोनस मिळत असावा! मध्यंतरी गाईडमध्ये ‘सायंकालीन भजन’ होतं आणि पडद्यावर कुस्ती सुरू होती. सासूबाई हात जोडून बसलेल्या. बराच वेळ पाहून त्यांनी मला हाक मारली.

“काहून वं शुभांगी, हे भजनवाले एकमेकांले आपटून काहून राहिले?”

“आई, गाईड अपडेट व्हायचंय.”

“मंग कर ना लवकर! त्या जाड्या बुवाले लागलं ना!”

आमचे हे, म्हणजे विलास, पेपरच्या आडून म्हणाले, “आधी रिमोट दाबला का टीव्ही लागत होता.”

“आधी लोक चुलीवर पाणी तापवत होते!”

“पन तापत होतं ना!”

अशा माणसांसाठी मी दर रविवारी भर दुपारी, सगळं घर झोपलेलं असताना, आपोआप अपडेट होण्याची सोय करून ठेवली होती. कुणाला त्रास नको म्हणून! हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्याशिवाय कुणीच ते लक्षात ठेवलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत, म्हणजे राक्षसिणीच्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं. ज्याला जे छळतं ते त्यानं मारबतीच्या नावानं ओरडून गावाबाहेर धाडायचं. मच्छर, महागाई, खोकला, “घेऊन जा गे मारबत!” सासूबाईंचा हा सण एकदाही चुकलेला नाही. यंदाही हे त्यांना स्कूटरवर बसवून इतवारीत घेऊन गेले. मी घरीच होते. नंबर पुन्हा बदलले होते.

दुपारी दोघं परतले ते वाऱ्यावर स्वार होऊन.

“आईले टीव्हीवाल्यानं पकडलं!” हे ओरडले. “मी गाडी लावाले गेलो, येऊन पाह्यतो तर आईच्या तोंडासमोर माईक!”

“काय बोललात आई?”

“बोलली दोन शब्द,” सासूबाई म्हणाल्या आणि एकदम सांबार निवडायला बसल्या. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.)

“पण काय?”

“आता काय सांगू? मारबतीचंच. रविवारी तीन वाजता दाखवतो म्हने.”

आपल्या गावातल्या केबलच्या चॅनलवर, रविवारी दुपारी तीनला, मारबत विशेष! आणि एकदाच. मला भरून आलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं जन्मात पहिल्यांदा टीव्हीवर दर्शन. त्यांची धाकटी बहीण, सावनेरची मावशी, कधीकाळी संत्र्यांच्या प्रदर्शनात अर्धा क्षण टीव्हीवर दिसली होती; तेव्हापासून दर लग्नात सासूबाईंना ती गोष्ट ऐकावी लागते. आता पारडं फिरणार होतं, आणि ते माझ्या कॉम्प्युटरमुळे फिरणार होतं!

“आई, रेकॉर्ड करू. जाहिराती कापू. मावशींना संध्याकाळी जेवायला बोलवू. सगळे मिळून मोठ्या पडद्यावर पाहू!”

सासूबाईंचा हात सांबारातच थांबला. “कायले वं एवढं? मी पाह्यते ना तीन वाजता. एकटीच पाह्यते. तुम्ही झोपा.”

“थेट पाहायचं? आजच्या काळात?”

“हाव. बसते मी गुपचूप.”

किती हा संकोच! मला त्यांचं कौतुकच वाटलं. मी रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवला आणि जाहीर केलं की रविवारी दुपारी टीव्हीला कुणीही हात लावायचा नाही, रेकॉर्डिंगमध्ये अडथळा येतो. मावशींना फोन केला. शेजारच्या वानखेडे वहिनींना सांगितलं. गावातल्या चॅनलचं गाईड इंटरनेटवर मिळत नाही, म्हणून ती नोंद मी स्वतः टाइप केली : ‘मारबत विशेष, आमच्या आई’. पुढे रेकॉर्डिंगची खूण केली. खूण केल्यावर दोनदा तपासली. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

रविवारी तीन वाजता घर गाढ झोपलं. सासूबाई तेवढ्या दोनदा हॉलमध्ये येऊन बंद टीव्हीकडे पाहून गेल्या.

संध्याकाळी मावशी आल्या, नव्या लुगड्यात. वानखेडे वहिनी आल्या. त्यांनी आल्या आल्या पुढची खुर्ची धरली, आणि ती टीव्हीकडे नाही तर माझ्याकडे तोंड करून ठेवली. मला ते चमत्कारिक वाटलं.

“मी तं दुपारीच पाह्यलं,” वहिनी म्हणाल्या.

“मग? कशा दिसल्या आई?”

“तुम्ही पाहाच!” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

सांबारवडीच्या ताटल्या फिरल्या. मी दिवे मालवले. “तर मंडळी,” म्हणून छोटंसं प्रास्ताविकही केलं (त्यात गाईडचं महत्त्व आलं) आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक म्हैस आली.

म्हैस शांत होती. तिच्याशेजारी पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर तिचा पाय उचलून खुरांचे आजार समजावून सांगत होते. मला वाटलं, मारबतीतलंच काही असेल. पण मिनिटभर गेलं, डॉक्टरांनी दुसरा पाय उचलला, तरी मारबत येईना. मग दुसरी म्हैस आली.

अंधारातून मावशींचा आवाज आला, “बाई, याच्यातली तू कोनती वं?”

वानखेडे वहिनींना ठसका लागला. ह्यांनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही पाठ फिरवून खांदे हलवत उभे राहिले. मी दिवे लावले, कीबोर्ड ओढला आणि गाईड उघडलं. बरोब्बर झालं होतं! म्हणजे, जे व्हायला नको ते बरोब्बर झालं होतं. रविवारची दुपार. सगळं घर झोपलेलं. ठरल्याप्रमाणे, कुणाला त्रास न देता, गाईड अपडेट झालं होतं! जुनी माहिती पुसताना त्यानं मी हातानं लिहिलेली नोंदही पुसली. ‘आमच्या आई’ गेल्या. जागा रिकामी दिसताच, रेल्वेत वेटिंगवाल्याला बर्थ द्यावा तशी ती वेटिंगमधल्या म्हशीला दिली. म्हशीचं रेकॉर्डिंग कुणी लावलं होतं? ह्यांनी! कळमेश्वरला शेत आहे म्हणून!

“माही म्हैस कायले मंधात आनता?” हे म्हणाले. “ते बिचारी आपल्या नंबरची वाट पाहून राहिली होती.”

आता माझं डोकं फिरलं. मी त्या कॉम्प्युटरला काय दिलं नव्हतं? नवा पंखा दिला. उन्हाळ्यात कूलरची दिशा त्याच्याकडे केली, आम्ही घामानं भिजलो! आणि ऐन वेळी माझ्या सासूला पुसून टाकतो? मी पायातली चप्पल काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर उगारली.

“अवं राहू दे!” सासूबाई मधे पडल्या. “जाऊ दे शुभांगी. काई बिघडलं नाई. म्हैस बी चांगली होती.”

एवढा मोठेपणा! जन्मातली एकुलती एक संधी हुकली आणि ही माउली मलाच समजावते आहे! मला तो मोठेपणा सहन होईना. मघाशी कॉम्प्युटरचा राग होता, आता स्वतःचाही आला.

“नाही आई! काही झालं तरी मी आज तुम्हाला टीव्हीवर आणणारच!”

“नको वं माय! जेवून घेऊ. झुनका थंडा होऊन राहिला.”

“तुम्हाला टीव्हीवर पाहिल्याशिवाय या घरात कुणी जेवणार नाही!”

“मले तं भूक लागली,” मावशी म्हणाल्या. पण मी तोवर पेन ड्राइव्ह घेऊन जिन्यात होते.

केबलवाल्याचं ऑफिस चौकात, एका सायकल दुकानाच्या वर. त्याच्या खुर्चीसमोर उभी राहून मी आधी चॅनलच्या नंबरांवरून त्याला झाडलं, मग मारबतीचा कार्यक्रम मागितला. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

“मॅडम, तुम्हीच का त्या आजीच्या सूनबाई? कम्प्युटरवाल्या?”

“हो. मीच.” बघा, ख्याती पोहोचली होती!

“तुम्ही पाह्यलं नाई का हे?”

“म्हणून तर आले!”

“घरीच पाहून घ्या. एकट्या.”

“पाहुणे खोळंबलेत. द्या लवकर.”

“सोच लो मॅडम,” असं म्हणून त्यानं पेन ड्राइव्ह भरून दिला, आणि मी जिना उतरेपर्यंत वरून हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं, नंबरांवरून हसत असतील, निर्लज्ज कुठले!

घरी आले तर ताटं वाढलेली. मी ती बाजूला सारायला लावली. सासूबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. “शुभांगी, माह्या डोळ्याले आज दिसत नाई.”

“आवाज मोठा करते!” मी म्हणाले, आणि केला. दिवे मालवले. पेन ड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लावला.

इतवारीचा रस्ता. ढोल. गुलाल. गर्दीत सासूबाई, हिरव्या लुगड्यात, इतक्या तजेलदार दिसत होत्या की मावशींनीसुद्धा “अवं बाई!” म्हटलं. माझे डोळे पाणावले. एक माईक पुढे आला. “आजी, यंदा मारबतीनं काय घेऊन जायचं?”

पडद्यावरच्या सासूबाईंनी पदर सावरला. “दुसरं काई नाई बापू. माह्या सुनेनं टीव्हीखाली एक कम्प्युटर बसवला. माहे पापडाचे डबे काढले अन् त्याले बसवला! तो आल्यापासून मले माही शिरेल सापडली नाई. भजन लावते तं कुस्ती लागते. सून दिवसभर त्याले अपडेट करते, घरात बाकी कोनाकडं पाह्यत नाई. तो तेवढा...” इथे त्यांनी दोन्ही हात वर केले. “घेऊन जा गे मारबत!”

“घेऊन जा गे मारबत!” मागची सगळी गर्दी ओरडली. चॅनलवाल्याला हे इतकं आवडलं होतं की त्यानं ते ढोलाच्या तालावर तीनदा दाखवलं होतं. तिसऱ्यांदा अगदी सावकाश. मोठ्या पडद्यावर. मोठ्या आवाजात. खालच्या मजल्यावरूनही हसणं ऐकू आलं.

दिवे लावायची माझी हिंमत होईना, ते ह्यांनी लावले. वानखेडे वहिनींची खुर्ची बरोबर जागी होती. माझा चेहरा त्यांना अगदी समोरून दिसला. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, “बाई, माहे संत्रे हारले वं तुह्यापुढं! पुन्हा लाव वं सूनबाई!”

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. “मी म्हटली होती ना, एकटी पाह्यते म्हून.” मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “पन दिसली कशी वं मी?”

“छान दिसलात आई,” मी म्हणाले. आणि खरंच छान दिसल्या होत्या.

मग मी ते पुन्हा लावलं. दोनदा. कपाटातून पंख्याची घरघर येत होती. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरनं ती नोंद पुसली होती, वर म्हैस आडवी घातली होती. त्या घरात माझी अब्रू झाकायला धडपडलेला तेवढा तो एकटाच होता, आणि मी चप्पल उगारली ती नेमकी त्याच्यावर!