केंदूरकरणीचं लुगडं

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची नावं मला फक्त मतदार यादीत दिसायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळं निवडणूक आली की ते काम माझ्याच गळ्यात पडतं. एरवी गावात त्यांना माहेरावरून ओळखत. एक केंदूरकरीण, एक कवठेकरीण. साठ वर्षं सासरी नांदल्या, सुना आल्या, नातसुना आल्या, तरी ज्या गावाहून आणल्या त्याच गावानं त्यांना हाक मारायची. माझ्या सासूबाई दौंडकडच्या, भीमेकाठच्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

या तिघी रोज दुपारी आमच्या ओसरीवर गोधडी शिवायला बसत. शनिवारी माझी सकाळची शाळा असायची, त्यामुळं शनिवारची दुपार मी त्यांच्यात काढायचे. जुन्या साड्यांचे पदर उसवायचे, पट्ट्या कापायच्या आणि सुईत दोरा ओवून द्यायचा, एवढंच माझ्याकडं. टाका घालायला त्यांनी मला कधी दिला नाही. माझा टाका बघून कवठेकरीण म्हणायची की यापेक्षा उंदरानं बरं शिवलं असतं.

त्यांच्या गप्पांत एक विषय फिरून फिरून यायचा, तो म्हणजे शेवटचं लुगडं. बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. निरोप गेला की भाऊ, भाऊ नसला तर भाचा, लुगडं-चोळी घेऊन निघतो आणि तो येईपर्यंत तिला उचलत नाहीत. या तिघी त्यावर अशा बोलत की जणू दिवाळीच्या खरेदीला निघाल्यात. कवठेकरणीची तक्रार होती की तिचा भाऊ दुकानात गेला की जांभळ्या रंगापलीकडं काही उचलत नाही, मेल्यावरसुद्धा तिची जांभळ्यातून सुटका नाही. केंदूरकरीण सांगायची की तिचा भाऊ चांगलं काठाचं आणील, तो हाताचा सढळ आहे. मला हे ऐकून राग यायचा. वर्षातून एकदा भाऊबीजेला ओवाळून घेतात, आयुष्यभर काही विचारत नाहीत, आणि शेवटी एक लुगडं आणून टाकतात, त्याचं एवढं काय कौतुक, असं मी मनात म्हणायचे. एकदोनदा तोंडावरही म्हणाले. त्या हसल्या आणि शिवत राहिल्या.

आधी कवठेकरीण गेली, ऐन चैत्रात. सकाळी गेली आणि तिचा भाऊ दुपारी पोचला. कवठ्याहून एवढा वेळ लागत नाही, पण ऐंशी ओलांडलेला माणूस, दम्यानं बेजार. आधी त्याला दवाखान्यात नेऊन वाफ द्यायला लागली, मग कुठं तो पिकअपमध्ये बसला. उन्हाचा तडाखा होता, लोक कुजबुजायला लागले होते, तरी उचला असं कोणी म्हटलं नाही. तो आला तेव्हा पिशवी मांडीवर घट्ट धरलेली होती. लुगड्याची घडी त्याच्या हातांनी उलगडेना. आत्या मदतीला पुढं झाल्या तर त्यानं त्यांचा हात बाजूला सारला. ते जांभळंच होतं. मला हसूही आलं आणि मी रडलेही. स्मशानातून माणसं परत आल्यावर केंदूरकरीण ओसरीवर बसून एवढंच म्हणाली, "नशिबाची गेली."

पुढं दोन वर्षांत केंदूरकरणीचा भाऊ वारला. त्याच्या मागं दोन मुलगे. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव होतंच, तिच्या वडिलांपासूनचं. रांजणगावला कंपन्या आल्यापासून आमच्या तालुक्यात जमिनीला मोल आलेलं. वर्षश्राद्ध झालं तशी भाचे पेढे घेऊन आले आणि म्हणाले, आत्या, हक्कसोड करून दे, तुझा हिस्सा आमच्या नावानं होईल. त्यांनी गोडीनंच मागितलं, ते खोटं बोलायला नको. आमच्याकडं बहुतेक बहिणी हा कागद करून देतात. जमीन भावाकडं राहते आणि माहेर बहिणीकडं राहतं, असा तो न लिहिलेला करार आहे.

केंदूरकरणीचा मुलगा म्हणत होता, सही करायची नाही. भाचे म्हणत होते, करायची. ती दोघांनाही काही बोलली नाही, शनिवारी माझ्याकडं आली. गोधडीची सुई पदराला टोचलेली, बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, तू शिकल्याली हायेस. तू सांग, काय करू?"

मला आयतंच व्यासपीठ मिळालं. मी तिला कायदा समजावून सांगितला. लेकाचा जेवढा हक्क तेवढाच लेकीचा, सरकारनं काही उपकार केलेले नाहीत, बापाचं आहे ते तुमचंच आहे, असं बरंच बोलले. ती मान हलवत होती. मग तिनं विचारलं, मग ते यायचे बंद झाले तर? मी म्हणाले, "मावशी, कागदानं कुठं माहेर तुटतं?"

हे वाक्य मी कशाच्या जोरावर बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. तिनं सही केली नाही.

त्या दिवाळीला केंदूरहून कोणी आलं नाही. भाऊबीजेला ती नवं नेसून दारात बसली होती, तिन्हीसांजेला उठून आत गेली. पुढच्या वर्षीही तेच. मोठ्या भाच्याच्या पोरीचं लग्न झालं, त्याची पत्रिका गावात तीन घरांत आली, तिच्या घरात नाही. यथावकाश वाटणी झाली, तिच्या मुलानं हिस्सा विकून स्लॅबचं घर बांधलं, खाली फरशी, वर पाण्याची टाकी. तिला आत पंख्याखाली खाट होती, पण दिवसभर ती आमच्याच ओसरीवर असायची. फरशीवर पाय गार पडतात, म्हणायची.

मला ती कधीही काही बोलली नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. एकदा फक्त तिनं मला भाच्याला फोन लावायला सांगितलं. भाच्याच्या बायकोनं उचलला, ते बाहेर गेलेत म्हणाली आणि ठेवला. मागून त्याचा आवाज येत होता, तो मी ऐकला. केंदूरकरणीनं विचारलं, नंबर बरोबर लावलास ना? मी म्हणाले, परत लावून बघू कधीतरी. मी परत लावला नाही, तिनंही सांगितलं नाही.

आत्या आणि ती आता दोघीच शिवायला बसत. लुगड्याचा विषय बंद झाला होता. एकदा कोणीतरी शेजारीण आली आणि सहज म्हणाली की परवा अमक्या गावात एका म्हातारीला पैठणी आणली माहेरच्यांनी, तर आत्यांनी तिच्या हातात चहाची कपबशी अशी आदळून दिली की ती पुढं बोललीच नाही.

केंदूरकरीण गेल्या वर्षी पौषात गेली. चहा पिऊन भिंतीला टेकली, ती टेकलीच. तिच्या मुलानं केंदूरला फोन केला. तो बरा माणूस आहे, त्यानं कमीपणा घेऊन केला. भाचा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्या एका शब्दावर सगळं गाव थांबून राहिलं. बरं म्हणाला म्हणजे निघाला असेल, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. रस्त्यावर गाडी वाजली की सगळ्यांच्या माना वळायच्या. कंपनीची बस गेली, उसाचा ट्रॅक्टर गेला, दुधाची गाडी गेली. दुपार कलली. भावकीतल्या एका आप्पांनी घड्याळ बघितलं आणि कोणाकडंही न बघता म्हणाले, आता किती वेळ ठेवायची.

माझ्यानं ते ऐकवेना. मी घरी आले. संक्रांतीला आत्यांना द्यायचं म्हणून आणलेलं नऊवारी कपाटात होतं, चांगल्या काठाचं. ते मी पिशवीत घातलं. मनाशी ठरवलं की मागच्या रस्त्यानं नवऱ्याला मोटरसायकलवर पाठवायचं, त्यानं तिकडून यायचं आणि सांगायचं की भाच्याला निघता आलं नाही, त्यानं माझ्या हाती दिलंय. कोणाला काय कळणार होतं? तिच्या अंगावर लुगडं पडेल, लोक गप्प होतील, आणि मलाही जरा झोप लागेल. खरं सांगायचं तर हे शेवटचंच जास्त होतं.

आत्या दारातच उभ्या होत्या. माझ्यामागून त्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं. पिशवीत काय आहे, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जित्ती व्हती तवा तू तिला शानी केलीस. आता मेल्यावर तरी फसवू नगंस."

इतक्या वर्षांत हे मला कोणीतरी पहिल्यांदा बोलून दाखवलं. मी पिशवी तिथंच खाली ठेवली. केंदूरकरीण तिच्या मुलानं आणलेल्या साडीत गेली. साडी भारी होती. सरणावर ठेवेपर्यंत तो मुलगा रस्त्याकडं बघत होता, हे मला नवऱ्यानं नंतर सांगितलं.

आता लोकांना मी सांगते की हक्क तिचाच होता, आणि ते खरंच आहे. शाळेतल्या मुलींनाही मी हेच शिकवते, शिकवत राहीन. पण मी तिला अर्धंच सांगितलं. जमीन घेतली तर काय जाईल, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं बोलले. तिला ते चांगलं माहीत होतं, म्हणून तर ती विचारायला आली होती. शिकलेल्या बाईनं माहेर तुटत नाही म्हटल्यावर ती बिचारी काय करणार. मला तिची फार आठवण येते, आणि आठवण आली की आधी लाज वाटते.

तिचा दहावा झाला. अर्धी शिवलेली गोधडी आत्यांनी घडी करून ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत होते, तेव्हा म्हणाल्या, "माझ्या भाच्याला फोन लाव. कागद करून घे म्हनावं."

त्यांच्याही माहेरी, भीमेकाठच्या त्या उसाच्या रानात, त्यांचं नाव होतं. भाऊ वारून बरेच दिवस झाले होते. भाच्यानं अजून मागितलं नव्हतं, दर भाऊबीजेला येत होता. माझा नवरा म्हणाला, तू आईला समजाव, तुला कायदा माहितीये. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. कायदा सगळा जिभेवर होता. पण बोलायला तोंड उघडलं की दारात नवं नेसून बसलेली केंदूरकरीण दिसायची. मी उठले आणि फोन लावला.

भाचा गाडी घेऊन आला, बायकोनं डब्यात शिरापुरी दिलेली. आम्ही दौंडला गेलो. नोंदणीच्या कार्यालयात गर्दी होती, आम्हाला बाकावर बसवलं. आत्यांनी भाच्याला जवळ बोलावलं. पन्नाशीचा माणूस, खाली वाकून उभा राहिला.

"मी गेल्यावर लुगडं घिऊन येशील का?"

तो हसला. म्हणाला, आत्या, तू शंभर वर्षं जगणार आहेस.

"जगन की. पन येशील का ते सांग."

त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "येईन आत्या. कुठंही असलो तरी येईन." तो मनापासून म्हणाला, एवढं मी बघितलं. पुढचं कोणी सांगावं.

आमचा नंबर आला. यंत्रावर त्यांचा अंगठा उठेना. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा, त्यावर रेघा कुठून राहणार. पदराला पुसून त्यांनी तो परत टेकवला, परत उठला नाही. मी मागं उभी होते आणि मनात म्हणत होते, नाही उठला तर बरं होईल. चौथ्यांदा तो उठला.

साहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, आजी, राजीखुशीनं सोडताय ना, कोणाची जबरदस्ती नाही ना?

"माझीच खुशी हाय," आत्या म्हणाल्या. आणि त्या खरोखर खुशीत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढ्या मोकळ्या चेहऱ्यानं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग कागद माझ्यासमोर आला. अंगठा देणारी बाई हीच, आणि ती आपल्या मर्जीनं देते आहे, याला ओळखीची साक्षीदार म्हणून मी. कुठं करायची ते कारकुनानं बोटानं दाखवलं. मी सही केली.