मधल्या पिढ्यांचा खेळ

माझ्या बायकोच्या थोरल्या मावशींनी जितकी माणसं मारली असतील, तितकी पुण्यात दुसऱ्या कुणीही मारलेली नसतील, आणि तीही समोर बसवून, पोहे खायला घालून. मी स्वतः त्यांच्या हातून किती वेळा मेलो, हे मोजणं मी सोडून दिलं आहे. रविवारी दुपार कलली की त्यांच्या खराडीच्या फ्लॅटवर जायचं, चपला बाहेर काढायच्या, त्या बघत आहेत अशी खात्री करून पायपुसण्यावर पाय पुसायचे, आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या अंतराळयानात आपापल्या जागी बसायचं. मग कधीतरी मावशी चष्म्यावरून बघतात आणि गॅसचा नंबर लागल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणतात, "जावईबापू, तुम्ही वारलात. उठा." उठायचं म्हणजे खरोखरच उठायचं. मेलेल्या माणसाने खेळात तोंड उघडायचं नाही आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांचा चहा टाकायचा, असा नियम आहे. याचं कारण मी एकदा विचारलं होतं. "जिवंत माणसं कामात असतात," असं उत्तर मिळालं.

हा खेळ मावशींनी स्वतः तयार केला आहे आणि तो एका कादंबरीवर बेतलेला आहे. ती कादंबरी त्यांना तरुणपणी एका वाचनालयाने रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यात मिळाली. मूळ इंग्रजी, मराठी अनुवाद, आणि मुखपृष्ठासकट पहिली पानं गायब. एक प्रचंड यान पृथ्वीवरून निघतं, दूरच्या एका ताऱ्याकडे. वाट इतकी लांबची की निघालेले लोक वाटेतच म्हातारे होऊन मरतात, त्यांची मुलं यानातच जन्मतात, यानातच मरतात, आणि पोचतात ती त्यांच्या पणतवंडांची पणतवंडं. पुस्तक जगभर गाजलेलं असणार, कारण मावशींच्या वरच्या मजल्यावरची स्नेहल, जी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती म्हणाली, "मावशी, दोन मिनिटांत सर्च करून सांगते, क्लासिक असणार ते." मावशींनी तिच्या हातातला फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला. "नाव कळलं की लेखकाचं ऐकावं लागतं," त्या म्हणाल्या. "सध्या आमचं बरं चाललंय."

इथे मावशींच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. त्या एका सरकारी कचेरीत पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे काढायच्या. निम्म्या शहराला पाणी कुठून वळून येतं ते त्यांनी शाईने, पट्टी धरून काढलेलं आहे. लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी श्रीफळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आल्या. घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद पडलं. कचेरीच्या वस्तूकडून यापेक्षा जास्त अपेक्षा त्यांनीही केली नव्हती. मग त्यांनी नकाशाचा मोठा कागद टेबलावर पसरला आणि यान काढायला घेतलं. यान म्हणजे टोकदार नाक, मागे ज्वाळा, असं काही मनात आणू नका. मावशींचं यान म्हणजे पाइप. पिण्याचं पाणी, सांडपाणी, शेतीचं पाणी, आणि प्रत्येक वळणावर एक व्हॉल्व्ह. त्यांचं म्हणणं असं, की निघणाऱ्यांना हारतुरे मिळतात, पोचणाऱ्यांना जमीन मिळते, आणि मधल्यांनी नुसती गळती काढायची. लेखकाने मधल्या पिढ्या दोन प्रकरणांत उरकल्या, हा त्याच्यावरचा त्यांचा एकमेव पण गंभीर आरोप होता. म्हणून खेळात निघणं झटकन होतं, पोचणं कधीकाळी होतं, आणि मधे आम्ही अनेक रविवार व्हॉल्व्ह दुरुस्त करत असतो.

सोंगट्यांसाठी मावशी मला घेऊन मंडईत गेल्या होत्या. माणसं म्हणजे चिंचोके आणि पाणी म्हणजे साबुदाणा, असं आधीच ठरलेलं. चिंचोकेवाल्याने विचारलं, "किती देऊ, पाव किलो?" मावशी म्हणाल्या, "अहो, एवढी लोकसंख्या परवडायची नाही. मूठभर द्या, पण सगळे निरोगी बघून द्या." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या गाड्यावरच्या फ्लॉवरची चौकशी करू लागलो. मावशींनी तिथेच उभ्या राहून एकेक चिंचोका उजेडाला धरून पारखला, आणि निवड संपल्यावर त्याला म्हणाल्या, "यातले सगळे मरणार आहेत, पण तुमचा दोष नाही."

खेळायला आम्ही ठरलेलेच असतो. मी, माझी बायको, स्नेहल आणि तात्या. तात्या म्हणजे ही इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे ते गृहस्थ. तळमजल्याचे दोन फ्लॅट त्यांच्याकडे, पांढरा लेंगा-सदरा, आणि गाडी अशी की तिच्यात चढायला त्यांना ड्रायव्हरचा हात धरावा लागतो. यानातली शेती त्यांच्याकडे आली की ते पहिल्या चालीत तिचे प्लॉट पाडायचे. "तात्या, लोक खाणार काय?" बायको विचारायची. "मागवतील की," तात्या म्हणायचे. यानाच्या बाहेर कोट्यवधी मैल काहीही नाही, हे मावशींनी त्यांना नकाशावर दाखवलं. तात्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, हितं बी कायच नव्हतं." स्नेहलचं उलट. ती पाण्याचं गणित लॅपटॉपवर मांडून यायची, सगळं ऑप्टिमाइझ करायची, आणि तरीही दुसऱ्या पिढीत वारायची. तिच्या हातचा चहा सगळ्यांत वाईट असल्यामुळे ती जगावी म्हणून आम्ही सगळे झटायचो.

स्नेहलच्याच ओळखीने तो प्रकाशक आला. बोर्ड गेम छापायची छोटी कंपनी काढलेला तिशीचा मुलगा, हाफ पँट, दाढी, पाठीवर सॅक. आल्या आल्या म्हणाला, "आजी, कन्सेप्ट ऐकूनच वेडा झालोय मी." मावशी म्हणाल्या, "मावशी म्हणा. आणि पाय पुसा." तो खेळायला बसला आणि थोड्याच वेळात साथीच्या रोगात वारला. त्याला वाटलं, मस्करी आहे. मावशींनी त्याला साखरेचा डबा कुठे आहे ते सांगितलं. चहा घेऊन बाहेर आल्यावर त्याने तोंड उघडलं, तर तात्या म्हणाले, "तुमी गेलेले हाय." बिचारा भिंतीला टेकून गप्प उभा राहिला, आणि आम्ही शेवटची चाल करेपर्यंत तसाच उभा राहिला, हे मला आवडलं.

मग तो मुद्द्यावर आला. छापायची त्याची तयारी होती. फक्त दोन गोष्टी. एक, कुणीतरी जिंकायला हवं. दोन, खेळ पाऊण तासात संपायला हवा. "मधला भाग कट करू. एक कार्ड ठेवू, 'दोनशे वर्षं पुढे जा'. लोकांना पोचायचं असतं, मावशी. तुमच्या खेळात कोणी पोचतच नाही."

"पोचतात की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पोचत नाही."

तो हसला. जाताना मात्र एक गोष्ट बोलून गेला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव येईल म्हणाला. टेबलावरचे साबुदाणे गोळा करताना मावशींकडून वाटी सांडली. त्यांच्या हातून काही सांडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. परत येताना गाडीत बायकोने सांगितलं, की मावशींनी आयुष्यभर काढलेल्या नकाशांवर सही साहेबांची असायची. काढणाऱ्याचं नाव घालायला त्या कागदांवर जागाच नव्हती.

पुढचे काही रविवार खेळ बंद. फोन केला की "काम चाललंय" एवढंच. मग एकदा बोलावलं, आणि टेबलावर नवा, छोटा नकाशा होता. पाइप अर्धे झालेले, ते कार्ड ठेवलेलं, आणि जिंकायची सोय केलेली. आम्ही खेळलो. खरं सांगायचं तर मजा आली. चहा होण्याआधीच तात्या ताऱ्यापाशी पोचले आणि लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. स्नेहल म्हणाली, "मावशी, हा पक्का खपणार." मावशीही हसल्या. त्यांनी ते कार्ड उचललं, जरा वेळ हातात फिरवलं.

"या दोनशे वर्षांत यानात पाणी कोण सोडत होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. "तुमचा खेळ तयार आहे, घेऊन जा. पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "पण खोक्यावर माझं नाव घालू नका. तो मी केलेला नाही." फोन ठेवून आत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिल्या. बायको उठून त्यांच्या मागे गेली. तात्यांनी आपली जिंकलेली सोंगटी हळूच वाटीत परत टाकली.

तो मुलगा पुढच्या रविवारी आला, पण छोटा खेळ घेतला नाही. पाय पुसले, मोठ्या नकाशासमोर बसला, आणि वारला. तेव्हापासून तो दर रविवारी येतो. खेळ काही छापला गेला नाही.

गेल्या महिन्यात आमचं यान पोचलं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना, माझ्या बायकोच्या साध्याशा चालीत शेवटचा व्हॉल्व्ह उघडला आणि नकाशावर पुढे सरकायला चौकोनच उरला नाही. आम्ही सगळे मावशींकडे बघायला लागलो. त्या थोड्या गोंधळल्या होत्या. उठून त्यांनी एक कोरा कागद आणला आणि यानाला जोडून ठेवला. "पुढचं मी केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कादंबरी इथेच संपते. हा ग्रह. मोकळी जमीन."

"कुनाची?" तात्यांनी विचारलं.

"कुणाची नाही. रिकामी आहे."

तात्या कागदाकडे बघत राहिले. "तशी जमीन नसती, मावशी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती.

मावशींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी जे विचारलं, ते इतके रविवार त्याच इमारतीत बसून आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. "तात्या, आपण बसलोय, इथे काय होतं हो?"

"हितं?" तात्यांनी फरशीकडे पाहिलं, मग गॅलरीबाहेर, समोरच्या काचेच्या कंपन्यांकडे. "हितं ज्वारी. त्या लिफ्टच्या अंगाला हीर. आन् बांधावर एक बोरीचं झाड हुतं. लई गोड न्हवतं, पन हुतं."

मावशींनी शाईचं पेन उघडलं, कागद स्वतःकडे ओढला. "बांधाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडं. जरा वाकल्यालं काढा."

त्या काढत राहिल्या. तात्या खुर्ची जवळ ओढून फांदी कुठून फुटायची ते बोटाने दाखवत राहिले. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच पुढची चाल केली नाही.