गच्चीवरचा स्विमिंग पूल

नव्वदच्या दशकात आम्ही शारजाला, अल मजाजमध्ये राहत होतो. इमारतीच्या गच्चीवर स्विमिंग पूल होता. नवा सुपरवायझर आला आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारच्या सुट्टीत सकाळी, माझी मुलगी खांद्यावर टॉवेल घेऊन कोरडीच परत आली.

"ममा, ही सेड फ्रायडे इज फॉर युरोपियन्स ओन्ली."

मी उसळले. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. कंपनीच्या कानावर गेलं तर व्हिसाचं काय?" मग मीही गप्प बसले.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक कृष्णवर्णीय ब्रिटिश शिक्षिका राहायची. तिचे वडील तेव्हा इंग्लंडहून आले होते. जमैकात जन्मलेले, तरुणपणी कामासाठी इंग्लंडला गेलेले. दोघं चहाला आले तेव्हा मी ही गोष्ट बोलून गेले. तिच्या बाबांनी कप खाली ठेवला.

"आमच्या शहरात बसकंपनी काळ्या माणसाला कंडक्टर म्हणून घेतच नसे," ते म्हणाले. "मी विचारायला गेलो, तर जागा भरली म्हणाले. मग आम्ही लोकांनी बसमध्ये चढणंच सोडलं. मी कारखान्यात चालत जायचो. हिची आई गरोदर होती, तीसुद्धा चालायची. गोरे विद्यार्थीही येऊन मिळाले. शेवटी कंपनी नमली. आणि पहिला कंडक्टर लागला तो तुमच्याकडचा, पगडीवाला!"

"भीती नाही वाटली?"

"वाटायची ना. एकट्याला फार वाटते. म्हणून एकटं जायचं नाही."

पुढच्या शुक्रवारी आम्ही पाच-सहा घरं मिळून वर गेलो. मल्याळी, पाकिस्तानी, आम्ही आणि ते बापलेक. नवराही आला, बूटमोजे घालून, ऑफिसला निघाल्यासारखा. सुपरवायझर धावत आला.

"आज फक्त युरोपियन!"

बाबा पाण्यात पाय सोडून बसले होते. "माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे," ते शांतपणे म्हणाले. "मी चालेन? हे सगळे माझे पाहुणे आहेत."

तो मग मालकाला फोन करायला खाली गेला. परत आला तो चेहरा पाडूनच.

"मालक विचारतायत, हा नियम केला कुणी? खलास. यल्ला, चला, पोहा."

मी खुर्चीत बसले आणि मला हसूच आवरेना. पोरांनी धडाधड उड्या मारल्या. नवरा वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"बस, एवढंच?" बाबा म्हणाले. "आम्हाला कित्येक महिने लागले होते!"